पत्र कोणाचे?

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ मध्ये राज्याचा कारभार हाती घेतला आणि महेश्वरी राहून १७९५ पर्यंत तो चालविला. राज्य शंकराचे, आपण केवळ त्याची सेवा करणाऱ्या, अशी त्यांची धारणा होती. म्हणून दरबारची आज्ञापत्रे ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ निघत. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तरी ही रीत सुटली नाही. विसाव्या शतकातही इंदूर संस्थानचे हुकूम ‘हुजूर श्रीशंकर’ या नावाने निघत असत.

भावना थोर खरी. पण कारभाराच्या दृष्टीने येथे एक अडचण होती. शंकर काही सही करण्यास येत नाही, आणि हे दोन शब्द कागदावर लिहिणे लिहिता येणाऱ्या कोणालाही साधण्यासारखे. मग दूरच्या परगण्यातील कमाविसदाराने हाती आलेला कागद दरबारचा की कोणा तोतयाचा, हे ओळखावे कसे?

मराठी दप्तराने यावर तोड काढून ठेवली होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला त्या जागी मोर्तब. मोर्तबाखाली कोणी चार ओळी वाढविल्या, तर त्या पाहताक्षणी उघड्या पडत. लांबलचक कागदांच्या सांध्यांवरही मागून शिक्का उठवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटविता येऊ नये. चिटणिसाचे वळण ओळखीचे, जासूदही बहुधा ओळखीचा. शिक्क्यावरून पत्र कोणाच्या वतीने बोलते तेही कळे. तुकोजी होळकर वयाने अहिल्याबाईंहून मोठे; तरी ते त्यांना आई म्हणत आणि आपल्या शिक्क्यात स्वतःला मल्हाररावांचा पुत्र म्हणवीत, असे माल्कमने नमूद केले आहे. या साऱ्याचा पाया मात्र एकच होता : बिनशिक्क्याचा कागद आला तर त्यावर अंमल करू नये, हे घेणाऱ्यास आधीपासून ठाऊक असे.

इंदूरच्या आजच्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांत पुष्कळसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो, आणि तेथे हा पायाच मुळात घातलेला नव्हता. या टपालाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा जोडलेले संगणक थोडे आणि ते चालविणारे बहुतेक परस्परांच्या परिचयाचे. पाठविणाराने आपले म्हणून जे नाव लिहावे, ते खरे मानून पत्र पुढे जाई. पुढे हेच टपाल जगभर पसरले आणि एखाद्या बँकेचे नाव घालून कोणीही पत्र धाडू लागला.

त्यावरचे उपाय एकामागून एक आले. त्यांतील पहिला एसपीएफ. एखाद्या डोमेनच्या, म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातील संस्थेच्या नावाच्या वतीने कोणते संगणक पत्रे पाठवू शकतात, त्यांची यादी तो जाहीर करतो. ही जणू ओळखीच्या जासुदांची यादी. डीकेआयएमचे नियम २००७ मध्ये ठरले. तो पत्रावर गणिती शिक्का उठवितो, आणि वाटेत मजकूर बदलला तर तो शिक्का जुळत नाही. पण शिक्का जुळला नाही तर पुढे काय करावयाचे? ते सांगणारी डीमार्क ही योजना २०१२ मध्ये पुढे आली व २०१५ मध्ये नियमरूपाने प्रसिद्ध झाली. वाचणाराला दिसणारे नाव आणि जासूद किंवा शिक्का यांचे नाव यांत मेळ नसेल, तर पत्र तसेच जाऊ द्यावे, बाजूला ठेवावे, की परत फिरवावे, हे डोमेनचा मालक त्यात जाहीर करतो.

हा जाहीरनामा कोणालाही वाचता येतो. तपासणीचे स्वयंचलित साधन एवढेच करते : डोमेनचे नाव दिले की ते इंटरनेटच्या नामावलीतून ती ओळ काढून आणते, चुका दाखविते, आणि मालकाने तिन्हींपैकी कोणता हुकूम दिला आहे ते क्षणात सांगते. पुष्कळदा उत्तर येते, ‘काही करू नये’. शिक्का आहे, पण बिनशिक्क्याचा कागदही चालेल, असाच त्याचा अर्थ. केवळ आळसामुळे असे होते असे मात्र नव्हे. याहूने एप्रिल २०१४ मध्ये परत फिरविण्याचा कडक हुकूम लावला, तेव्हा सामूहिक पत्रव्यवहारातील कित्येक खरी पत्रेही परत गेली. कारण तेथे मध्यस्थ यंत्र पत्राखाली आपल्या दोन ओळी जोडी आणि शिक्का मोडे. मोर्तबाखालील वाढीव ओळीच त्या! म्हणून शहाणा मालक प्रथम केवळ पाहतो, येणारे अहवाल वाचतो, आणि मग हुकूम कडक करतो. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर पाठविणाऱ्यांस गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून डीमार्क जाहीर करणे बंधनकारक केले. पण किमान म्हणून ‘काही करू नये’ हाही हुकूम चालतो.

साधनाच्या दृष्टीबाहेरची एक फसवणूक उरतेच. एक अक्षर बदलून कोणी नवेच डोमेन घेतले आणि त्यावर स्वतःचा रीतसर शिक्का उठविला, तर त्या डोमेनची तपासणी निर्दोष निघते. शिक्का खरा असतो, फक्त घराणे दुसरे असते. ते अक्षर वाचणारालाच पाहावे लागते.