पी.पी. : दुसऱ्याच्या घरातला आपला नंबर

१९६० ते १९९० या काळातल्या मराठी लग्नपत्रिका चाळल्या तर निमंत्रकाच्या पत्त्याखाली पुष्कळदा एक टेलिफोन नंबर दिसतो आणि त्याच्यापुढे दोन अक्षरे : पी.पी. दुकानाच्या पावतीपुस्तकावर, वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवरही ती भेटतात. त्यांचा अर्थ तेव्हा कोणाला सांगावा लागत नसे. नंबर आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. तुम्ही फोन करा, ते आम्हाला हाक मारतील. गेली काही वर्षे मी अशा पत्रिका, जुन्या डिरेक्टऱ्या आणि हिशेबाच्या वह्या पाहतो आहे. आपल्याकडच्या टेलिफोनचा खरा इतिहास या दोन अक्षरांत दडलेला आहे, असे माझे मत होत चालले आहे.

अधिकृत इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८८१ साली ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांतली एक्स्चेंजेस सुरू झाली. पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला आले, कारण उन्हाळ्यात सरकार तिथे असे. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली, आणि १९३३ पासून भारतातून इंग्लंडशी रेडिओटेलिफोनवर बोलताही येऊ लागले. साहेबाला लंडनशी बोलता येत होते. खडकीपासून दहा कोसांवरच्या गावातल्या माणसाला मात्र पुण्याशी बोलायचे तर चालत किंवा बैलगाडीने यावे लागे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एवढ्या मोठ्या देशात चालू टेलिफोन एक लाखाच्या आतच होते. १९९१ मध्ये हा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. लोकसंख्या तेव्हा चौऱ्याऐंशी कोटींवर होती.

हे आकडे खरे आहेत, पण ते यंत्रे मोजतात. एका यंत्रामागे किती माणसे बोलत होती, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी पी.पी.कडे वळावे लागते.

मुळात ही अक्षरे ट्रंककॉलच्या कारभारातली. परगावी बोलायचे तर एक्स्चेंजला नंबर सांगून कॉल 'बुक' करायचा. मोठ्या शहरात त्यासाठी १८० फिरवायचा. लहान गावात रिसीव्हर उचलला की ऑपरेटरच विचारायचा, नंबर प्लीज. दोन गावांमध्ये जेवढ्या लाइनी, तेवढीच संभाषणे एका वेळी शक्य, बाकीच्यांनी थांबायचे. म्हणून ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढत्या दरांचे तीन दर्जे होते. जास्त पैसे मोजणाऱ्याचा नंबर आधी लागे. आणि त्यातच 'पर्टिक्युलर पर्सन' ही सोय होती. थोडे जादा पैसे भरून माणसाचे नाव सांगायचे. ऑपरेटर पलीकडे त्या माणसाला बोलावून घ्यायचा आणि तो आल्यावरच मिनिटे मोजायला लागायचा. माणूस भेटला नाही तर पूर्ण कॉलचे पैसे पडत नसत.

म्हणजे टेलिफोन खात्यानेच एक गोष्ट मान्य केली होती : नंबर जागेचा असतो, माणसाचा नव्हे. जागेवरून माणसापर्यंत पोहोचायला कोणीतरी तिसरा लागतो. लोकांनी खात्याची ही संज्ञा उचलली आणि आपल्या गरजेला लावली. फोन डॉक्टरांचा, वाण्याचा, वखारवाल्याचा किंवा चाळीतल्या एखाद्या बिऱ्हाडाचा. त्यावर बोलावला जाणारा माणूस आपण. खात्याचा पी.पी. पैसे घेऊन चाले. लोकांचा पी.पी. शेजारधर्मावर चालला.

आमच्या तालुक्याच्या गावी आमचा नंबर शेजारच्या डॉक्टरांकडचा होता. फोन आला की त्यांचा कंपाउंडर गॅलरीतून हाक मारायचा आणि आम्हा मुलांपैकी जो मोकळा असेल तो ज्याचा फोन त्याच्या घरी धावायचा. आळीतली सातआठ घरे त्या एका नंबरावर होती. येणाऱ्या फोनचे पैसे नसत. जाणाऱ्या कॉलचे बिल मात्र दोन महिन्यांनी येई, म्हणून यंत्राशेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि एक वही असे. तारीख, नाव, गाव, मिनिटे. उधारी आणि विश्वास दोन्ही तिच्यात लिहिलेले असत.

ट्रंककॉलवर बोलणे सोपे नव्हते. उघड्या तारांवरून मैलोन्‌मैल येताना आवाज क्षीण व्हायचा, म्हणून सगळे ओरडत. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेल्या रोग्यांना आळीतल्या प्रत्येक घरची बातमी पहिल्यांदा कळे. तीन मिनिटे झाली की ऑपरेटरचा आवाज मध्येच येई : वाढवायची का? बहुतेक वेळा उत्तर नाहीच असे आणि शेवटचे वाक्य अर्धे राही.

या ओरडण्याची दुसरी बाजू मला फार उशिरा समजली. माझी मावशी लग्न होऊन मुंबईला गेली. सहा महिन्यांतून एकदा तिचा फोन डॉक्टरांकडे येई. आजी पदर सावरत जायची, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि विचारायची, "बरी आहेस ना गं?" मावशी म्हणायची, "हो, सगळं छान आहे." आजी आनंदाने घरी यायची. त्या वर्षांत मावशीचे अजिबात छान चाललेले नव्हते. पुढे तिनेच सांगितले : तिकडचा फोन दिराच्या दुकानात होता, गल्ल्याशेजारी. दीर समोर, नोकर मागे, गिऱ्हाईक बाजूला. इकडे आजीच्या मागे रोग्यांचा बाक. "सांगू कोणाला आणि कशी?" ती म्हणाली. जे होते ते तिने आंतर्देशीय पत्रात लिहिले, तेही दुपारी सगळे झोपल्यावर, आणि ते पत्र वाचूनच आजोबा तिला आणायला गेले.

हा एका घरातला प्रसंग असला तरी त्यावरून एक नियम दिसतो. टेलिफोनने पत्राला मारले असे आपण सहज म्हणतो. पी.पी.च्या काळात तसे झालेच नव्हते. फोनवर मृत्यू, जन्म, गाडीची वेळ, परीक्षेचा निकाल एवढेच जाई. चार लोकांत बोलता येईल तेवढेच. मनातले पत्रातच राहिले. फोनने आवाज पोहोचवला, बोलणे पोहोचवले नाही. ज्यांच्या घरात स्वतःचे यंत्र होते त्यांना ही अडचण कमी होती. उरलेल्यांना, आणि त्यांतही सासरी असलेल्या बायकांना, ती पुरेपूर होती. शेजारधर्माची आठवण काढताना त्याची ही किंमतही हिशेबात धरली पाहिजे.

मग स्वतःचा फोन का घेत नव्हते? पैसे हे एक कारण, रांग हे दुसरे. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 'ओ.वाय.टी.' योजनेत मोठी अनामत भरली की रांग आखूड होई, पण ती अनामत मध्यमवर्गाला झेपणारी नव्हती. तंत्रज्ञान येत नव्हते असेही नाही. २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर-लखनौ दरम्यान ऑपरेटरविना थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., सुरू झाली होती. १९७९ मध्ये पुण्यात दोन एक्स्चेंजेस जोडायला काचतंतूची केबलही वापरली गेली. त्याच सुमारास आमच्या आळीत कंपाउंडर गॅलरीतून हाका मारत होता.

बदल झाला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या हवामानात, वातानुकूलनाशिवाय चालतील अशी लहान एक्स्चेंजेस बनवली. त्यांतले १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगावजवळच्या कित्तूरला बसले. पाठोपाठ कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ आले. बूथ देताना अपंग व्यक्ती, माजी सैनिक यांना प्राधान्य असे, त्यामुळे कित्येक घरांना त्यातून रोजी मिळाली.

सॅम पित्रोदा यांचे नाव या बदलाशी जोडले जाते, ते योग्यच आहे. मला मात्र बूथमधली एक साधी वस्तू अधिक महत्त्वाची वाटते : काचेचे दार. रात्री उशिरा दर पावपट झाला की बूथसमोर रांग लागे. होस्टेलवरची मुले, नव्याने नोकरीला लागलेल्या मुली, बदलीवर आलेले कारकून. आत गेले की दार लोटायचे. समोर मीटरवर लाल आकडे पळत असत, पण ओळखीचे कोणी ऐकत नसे. परक्या माणसाला पैसे देऊन सामान्य माणसाने फोनवरचा एकांत पहिल्यांदा विकत घेतला. पत्रे खऱ्या अर्थाने कमी झाली ती त्यानंतर.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. तेव्हापासून नंबर जागेचा राहिला नाही, माणसाचा झाला, आणि पी.पी. ही अक्षरे निरर्थक झाली. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा शेवटची तार पाठवायला लोकांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले. शेजारच्या फोनला असा निरोप मिळाला नाही. घरोघरी यंत्र आले तशी हाक बंद पडत गेली.

खात्याचे वार्षिक अहवाल ग्रंथालयांत आहेत, डिरेक्टऱ्याही मिळतात. गॅलरीतून हाक मारणारे, निरोप घेऊन धावणारे, आपल्या माजघरात परक्याला रडू देणारे यांची नोंद त्या कागदांत नाही. ती आहे फोनशेजारच्या वह्यांत. मी आजवर अशा मोजक्याच वह्या पाहिल्या. एकीत एका नावापुढे मिनिटांच्या रकान्यात काट मारून 'पैसे घेऊ नयेत' असे लिहिले आहे. गाव आणि तारीख आहे, कारण दिलेले नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर तुम्हाला अशी एखादी वही सापडली, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका.