साधी कॉइल की लेपवाली?

मावशीच्या मेंदूतली रक्तवाहिनी रात्री फुटली. पहाटे डॉक्टरांनी काकांना आणि मला बाहेर बोलावून कागदावर एक फुगा काढून दाखवला. हा ॲन्युरिझम. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची आणि ह्यात तारेची वेटोळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरत नाही. तारा दोन प्रकारच्या आहेत, म्हणाले. साधी प्लॅटिनमची आणि लेप दिलेली. दुसरी बरीच महाग. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, साधी घाला.

सहा महिन्यांनी अँजिओग्राफीत फुग्याच्या मानेशी पुन्हा थोडं रक्त शिरताना दिसलं. घरी येताना रिक्षात काका एवढंच म्हणाले, “ती महागवाली घेतली असती तर?”

त्या प्रश्नापायी मी कॉइलचा इतिहास वाचायला घेतला.

१९३७ साली अमेरिकेत वॉल्टर डँडीने कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. पुढची कित्येक दशकं हाच राजमार्ग होता. सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या सर्बिनेंकोने रक्तवाहिनीतून आत जाऊन सुटा होणारा छोटा फुगा सोडला. कल्पना भन्नाट, पण रबरी फुगा स्वतःचाच आकार धरतो. ॲन्युरिझम असतो वेडावाकडा, त्याची भिंत नाजूक, आणि त्यात हा दांडगा पाहुणा.

इटलीचे ग्विदो गुल्येल्मी वेगळ्याच खटपटीत होते. विजेच्या बारीक प्रवाहाने फुग्यातलं रक्त गोठवता येईल का, हे ते सशांवर बघत होते. प्रयोगात पोलादी तारेचं टोक विजेने झिजलं आणि तुटून आतच राहिलं. दुसऱ्या कुणी तार खराब निघाली म्हणून सोडून दिलं असतं. गुल्येल्मींच्या डोक्यात ते राहिलं. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पोलादी तारेच्या टोकाला मऊ प्लॅटिनमचं वेटोळं जोडलं. वेटोळं नीट बसलं नाही तर मागे ओढायचं, पुन्हा घालायचं. बसलं की प्रवाह सोडायचा; पोलादाचा जोड विरघळतो, प्लॅटिनम विरघळत नाही, आणि कॉइल हलकेच सुटते. १९९० साली ती पहिल्यांदा माणसात वापरली गेली, १९९५ साली अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली.

चिमटा बरा की कॉइल, ह्या भांडणात २००२ साली ‘आयसॅट’ चाचणीचे आकडे आले. फुटलेल्या ॲन्युरिझमचे २१४३ रुग्ण, आणि तेही दोन्ही उपाय चालतील असेच निवडलेले. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व चिमट्याच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७. मावशी कवटी न उघडता घरी आली ती ह्या आकड्यांमुळे.

पण कॉइलचं एक दुखणं उरलंच. कितीही ठासून भरली तरी फुग्याची बरीचशी जागा तारेने नाही, गोठलेल्या रक्ताने भरते. रक्ताचे ठोके बसत राहतात, वेटोळी दबतात, मान पुन्हा उघडते. लेप आले ते ह्यासाठी. एका प्रकारात शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचं पॉलिमर. त्याने थोडा दाह होईल, व्रण धरेल, मान बुजेल, असा हिशोब. पटण्यासारखा आहे, मलाही पटला. ह्या कॉइल बाजारात आधी आल्या आणि मोठ्या तुलना नंतर झाल्या, हे मात्र मला खटकतं. ‘मॅप्स’ चाचणीत ६२६ रुग्णांमध्ये साध्या प्लॅटिनमपेक्षा काही फायदा दिसला नाही. पॉलिमर तारेच्या पोटात भरलेल्या ‘सेरेसाइट’ कॉइलचंही तेच.

दुसरा लेप हायड्रोजेलचा. हा रक्तात भिजला की साबुदाण्यासारखा फुगतो आणि रिकामी जागा भरतो. २०११ च्या ‘हेल्प्स’ चाचणीत फरक काठावरचा होता. पुढे जेल सुधारलं आणि ६०० रुग्णांच्या ‘हीट’ चाचणीत, २०२० साली, मान पुन्हा उघडण्याचं प्रमाण स्पष्ट कमी आलं. तरी मृत्यू किंवा अपंगत्व त्याने कमी झालं, असं दिसलं नाही. सुधारलं ते अँजिओग्राफीतलं चित्र.

काकांना हे सगळं जेवताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या रात्रीची महागवाली ह्यातली कुठली होती?”

ते मी विचारलंच नव्हतं.

मावशीची पुढची अँजिओग्राफी दिवाळीनंतर आहे.