बंदुकीवरील सिंह

जुन्या शस्त्रांची पारख आणि जुन्या कागदांची पारख या दोन विद्या आम्हांस सख्ख्या बहिणी वाटतात. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून राजवाड्यांनी बखरीतील कथनापेक्षा अस्सल पत्रास प्रमाण मानण्याची शिस्त घालून दिली. घराण्यात चालत आलेली कथा ही शस्त्राची बखर होय. त्याच्या लोखंडावरील ठसा हे अस्सल पत्र.

उज्जैनच्या माधव नगरातील एका स्नेह्यांकडे आम्हांस याचा प्रत्यय आला. त्यांच्या बैठकीत एक बंदूक आहे. महादजी शिंद्यांच्या पलटणीतील पूर्वजाने ती वापरली, अशी घरात श्रद्धा. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मात्र मागील पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह कोरलेला आहे. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. आणि ती १८०८ च्या सुमारास, कंपनीची पूर्वीची हृदयाकृती खूण मागे पडल्यावर, प्रचारात आली. महादजी तर १७९४ च्या फेब्रुवारीतच वानवडीस निवर्तले होते. शिवाय ही बंदूक टोपीची, चकमकीची नव्हे. चकमकीची बंदूक मागाहून टोपीची केली, तर पट्टीवर बुजविलेली छिद्रे राहतात. येथे ती नाहीत. तेव्हा ही १८४० नंतरची, आणि कंपनीचे राज्य १८५८ साली संपले त्यापूर्वीची, एवढे निश्चित म्हणता येते.

यजमान खिन्न झाले. मग हळूच म्हणाले, “एका व्यापाऱ्याने सांगितले आहे, सिंह घासून टाका आणि महादजींचे नाव कोरून घ्या, किंमत चौपट येईल.” आम्ही त्यांस हात जोडले.

महादजींच्या पलटणींच्या बंदुका कशा होत्या, हेही येथे पाहिले पाहिजे. १७८४ साली चाकरीस ठेविलेल्या डी बॉईनने त्या पलटणी उभारिल्या आणि १७९० साली पाटण व मेडता येथे त्यांनी आपले सामर्थ्य सिद्ध केले. त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली विलायती नमुन्याच्या बंदुका सुमारे दहा रुपयांस एक या खर्चाने तयार होत. विलायती बंदुकांचा संग्राहक अशा बंदुकीस ‘नक्कल’ म्हणून बाजूस सारील. आमच्या मते ती नक्कल असूनही अस्सल आहे. कारण ती ज्या काळी व ज्या कामासाठी झाली, त्याविषयी खोटे बोलत नाही. खोटी ठरते ती आज नाव कोरलेली बंदूक, मग तिचे लोखंड कितीही जुने असो.

मालकास जो दोष वाटतो तो पुष्कळदा पुरावाच असतो. १८५७ नंतर देशी शिपायांस दिलेल्या काही बंदुका बाहेरून एन्फील्ड रायफलीसारख्या दिसतात, परंतु त्यांच्या नळीत वळणदार खाचा नाहीत. ही झीज नव्हे, लबाडीही नव्हे. देशी शिपायाच्या हाती दूरवर अचूक मारा करणारे हत्यार पडू नये, या अविश्वासाचा तो लोखंडी दस्तऐवज आहे. अशी नळी ‘सुधारणे’ म्हणजे दस्तऐवज फाडणे होय. दस्त्याचे लाकूड तासून उजळ केले, गंज घासून चकाकी आणली, की दर्शनी शोभा वाढते आणि साक्ष जाते. जाणत्याच्या लेखी मोलही जाते.

मग माधव नगरातील त्या बंदुकीस काय मोल? १८४४ नंतर शिंद्यांच्या राज्याच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज उभी राहिली. १८५७ च्या जूनमध्ये ती उठली आणि पुढे तात्या टोप्यांच्या झेंड्याखाली कानपुरास लढली. आमच्या स्नेह्यांची बंदूक त्या फौजेतली असेल, असे आम्ही म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. परंतु तिचा काळ तोच आहे, आणि तो महादजींच्या काळाहून कमी मोलाचा नाही. ही शक्यता ज्या एका खुणेमुळे उघडते, तीच पुसण्याचा सल्ला मिळाला होता.

सिंह अद्याप जागेवर आहे. यजमानांनी बंदुकीखाली एक कागद ठेविला आहे. त्यावर घरची कथा एका बाजूस आणि ठशाची हकीकत दुसऱ्या बाजूस लिहिली आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी आपल्या गावातील जुन्या घरांतून एवढेच करविले, तरी पुष्कळ साधन वाचेल.