माजी अधिकाऱ्याची साक्ष आणि शासनाचा विशेषाधिकार

घुग्घुस परिसरातील कोळसा चंद्रपूर जिल्ह्याच्या भूमीत असला, तरी असा कोळसा कोणी काढावा याचे निर्णय दिल्लीतील संचिकांवर होत आले आहेत. 1993 पासून छाननी समितीमार्फत झालेली खाणवाटपे सर्वोच्च न्यायालयाने 25 ऑगस्ट 2014 रोजी बेकायदेशीर ठरविली आणि पुढील महिन्यात 214 गट रद्द केले. भद्रावती तालुक्यातील बरांज गट त्यांतच होते. असे व्यवहार उजेडात येईपर्यंत निर्णय घेणारे सचिव व मंत्री बहुधा पदावरून उतरलेले असतात. त्यांची साक्ष शासनाला रोखता येते काय?

अमेरिकेत 1953 साली माजी अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसच्या समितीचे समन्स नाकारताना पदाचे संरक्षण पदत्यागानंतरही टिकते, असा दावा केला होता. भारतीय कायद्याची मांडणी निराळी आहे. 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 123 नुसार राज्यकारभारविषयक अप्रकाशित अभिलेखांवरून मिळालेला पुरावा विभागप्रमुखाच्या परवानगीवाचून कोणालाही देता येत नसे. ‘कोणालाही’ हा शब्द येथे निर्णायक आहे. त्यात सेवानिवृत्तही आले. कलम 124 अधिकाऱ्याला विश्वासाने कळविलेली गोष्ट सांगण्याच्या सक्तीपासून वाचवी. स्वेच्छेने बोलणाऱ्याला ते अडवीत नसे. अर्थात बोलू इच्छिणाऱ्या माजी सचिवाची खरी अडचण कलम 123 हीच होती, आणि परवानगीची किल्ली त्याच्या जागी आलेल्या विभागप्रमुखाकडे होती. ज्याची चौकशी व्हावयाची त्याच शासनाने ती बाळगावी, ही व्यवस्था विचित्रच म्हटली पाहिजे.

सोधी सुखदेव सिंग हे पेप्सूतील जिल्हा न्यायाधीश. सेवेतून दूर झाल्यावर त्यांनी शासनाविरुद्ध दावा लावला आणि मंत्रिमंडळाचे कागद व लोकसेवा आयोगाचा अहवाल मागितला. नोव्हेंबर 1960 मधील बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावे. पण तो स्वतः वाचून पाहू नये, आणि तो राज्यकारभाराचा ठरल्यास पुढील निर्णय विभागप्रमुखाचा, असा त्याचा आशय होता. न पाहिलेल्या कागदाचे स्वरूप कसे ठरवावे, ही अडचण त्यात राहून गेली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. राजनारायण खटल्यात (1975) व न्यायाधीशांच्या नियुक्तीविषयीच्या एस. पी. गुप्ता खटल्यात (1981) न्यायालयाने कागद स्वतः तपासून सार्वजनिक हिताचा तोल पाहण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला.

कोळसा प्रकरणात या विशेषाधिकाराने वाट अडविली नाही. डिसेंबर 2014 मध्ये विशेष न्यायालयाने, पूर्वी कोळसा खाते सांभाळलेले माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचा जबाब घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारीत तो नोंदविला गेला. हा तपासातील जबाब. शपथेवरील साक्ष नव्हे. मार्च 2015 मध्ये माजी सचिव पी. सी. पारख यांच्यासह त्यांना आरोपी म्हणून समन्स निघाले व एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. आरोपी झालेल्या माजी अधिकाऱ्याला मिळणारे मौनाचे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधून येते. ते व्यक्तीचे आहे, शासनाचे नव्हे. या दोहोंची गल्लत अभ्यासकांच्याही लेखनात आढळते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही दोन्ही कलमे 129 व 130 म्हणून उतरली आहेत. कलम 165 मध्ये मात्र नवी भर आहे: मंत्री व राष्ट्रपती यांच्यातील पत्रव्यवहार न्यायालयाला मागविताच येणार नाही.