सुट्टीचे दान

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण तो शरीराचाही सण आहे, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाटावर बसवते, अंगाला तेल चोळते, उटणे लावते आणि कढत पाण्याने न्हाऊ घालते. वर्षभर ज्या देहाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याची त्या एका पहाटे पूजा होते. मग फराळाचे ताट येते आणि ती पूजा तेथेच आटोपते. दुसऱ्या दिवशी देह पुन्हा आपला धनी शोधीत बसतो.

1990 सालच्या दिवाळीत मात्र आमच्या घरी ही पूजा एका दिवसावर थांबली नाही. आमचे हिवरखेड म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. अकोल्याहून आकोटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी तेव्हा आमच्या गावावरून जात असे. त्या गाडीने मामा उतरले. ते शाळामास्तर होते. आम्ही पोरे त्यांच्या पिशवीवर तुटून पडलो. पिशवीत दोन धोतरे, एक पंचा आणि एरंडेलाची बाटली एवढाच ऐवज निघाला. आमची तोंडे उतरली तेव्हा मामा म्हणाले, "यंदा फटाके नाई आनले म्या. पंधरा दिवस आनले तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचाला त्यांनी आम्हांला मारुतीच्या देवळापुढे उभे केले. जोर, बैठका, सूर्यनमस्कार. मग सागाचा एक जुना खांब पुरून त्याला एरंडेल चोळून मल्लखांबाचे पहिले धडे. ते रोज आमच्याबरोबर स्वतः घाम गाळीत. त्याच महिन्यात बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला प्रथमच पदकाचा मान मिळाला होता आणि ते सुवर्णपदक भारताने आणले होते. ती बातमी सांगताना मामांचा चेहरा असा काही फुलला, की जणू घरच्याच पोराने नाव काढले! तो आनंद कोठला होता, हे मला फार उशिरा कळले. मामांनी ऐन तारुण्यात अमरावतीला जाऊन श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उन्हाळी वर्ग केला होता. आम्हांला मिळालेले पंधरा दिवस त्या वर्गातून आले होते. म्हणून त्या वर्गाची गोष्ट सांगितली पाहिजे.

हे मंडळ 1914 साली अमरावतीत उभे राहिले. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव वैद्य हे त्याचे संस्थापक. आरंभी तो एक आखाडाच होता. वऱ्हाडला आखाडा काही नवा नव्हता. समर्थांच्या परंपरेने मारुतीचे देऊळ आणि तालीम यांची जोडी मराठी मुलखात कधीच लावून दिलेली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली होती. पण आखाड्याची एक जुनी खोड होती. विद्या वस्तादाजवळ असे, वस्ताद गेला की तीही जाई. डावपेच लपवून ठेवण्यातच कित्येकांना भूषण वाटे. दुसऱ्या बाजूला इंग्रजी शाळेत कवायत होती. ती हुकुमाची होती. मुलाला ती शिक्षा वाटे, विद्या वाटत नसे. आखाड्यातला वस्ताद शाळेत येत नव्हता आणि शाळेतला मास्तर आखाड्यात उतरत नव्हता.

वैद्यबंधूंनी हे दोघे एका मैदानावर आणले. 1924 साली त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यायामशिक्षणाचे वर्ग सुरू केले. तेथे देशी मर्दानी खेळांच्या जोडीला पाश्चात्त्य व्यायामप्रकारही शिकविले जात. देशी तेवढे पवित्र आणि परके तेवढे त्याज्य, असला सोवळेपणा त्यांनी मानला नाही. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येऊ लागले.

ते 1924 साल महाराष्ट्राच्या शरीराच्या इतिहासात मोठे भाग्याचे म्हटले पाहिजे. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारून योगाला प्रयोगशाळेत नेले. तरुणपणी ते बडोद्याच्या माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले होते. पुढच्याच वर्षी दादरला समर्थ व्यायाम मंदिर निघाले. या साऱ्यांचे कार्य थोर आहे. तरीही अमरावतीच्या त्या वर्गातली एक गोष्ट मला निराळी वाटते, आणि ती म्हणजे सुट्टीची निवड.

वैशाखातली अमरावती ज्याने भोगली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. सकाळी नवानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा दिवसांत पहाटे आणि सांजेला मैदानावर उतरायचे, हा कसला छंद? पण शाळामास्तराला मोकळीक असते ती याच दिवसांत. मैदानावरचा तरुण स्वतःचा देह घडवीत असे हे खरे. पण येथून परत जाताना तो शिक्षक होऊन जावा, हा वर्गाचा खरा हेतू. एक माणूस पैलवान झाला तर एक देह सुधारतो. एक माणूस शिक्षक झाला तर त्याच्या गावातली पन्नास पोरे पहाटे उठतात. सुट्टी घ्यायची ती दुसऱ्याला देण्यासाठी, हे त्या योजनेचे मर्म होते.

हे दान दूरवर पोचले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी मंडळाचा संघ तेथे गेला आणि त्याने कबड्डीसह आपल्या देशी प्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. त्या दिवसापासून बीजिंगच्या पदकापर्यंत चोपन्न वर्षे लागली. 1990 साली मामा का फुलले होते, ते आता वाचकांनाही उमगेल. हुतात्मा राजगुरूंनीही या मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले होते. 1931 साली फासावर गेलेल्या त्या तरुणाची आठवण अमरावतीच्या मैदानाला आजही आहे. आणि 1955 साली तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आली, तिच्यात गावाच्या आरोग्याचा विचार गावाच्या भक्तीइतक्याच कळकळीने मांडलेला आहे. वऱ्हाडच्या हवेतच तेव्हा ही जाणीव होती.

पण दानाची कीर्ती गाताना घेणाऱ्याची परीक्षाही केली पाहिजे, नाहीतर ती नुसती भाटगिरी होईल. सोळाव्या दिवशी मामा गाडीत बसले. सतराव्या पहाटे देवळापुढे आम्ही सातजण होतो. आठवड्याने चौघे, आणि संक्रांत येईतो एकटा एक. तो एकटा मी नव्हतो. एका शेतमजुराचा मुलगा होता तो. अंगात सदरा नसे, पण त्याने खांब सोडला नाही. पुढे त्याच खांबावर त्याने दुसऱ्या पोरांना चढविले. मी त्या पहाटे गोधडीत होतो. थंडी होती, अभ्यास होता. सबबींना कधी तोटा पडतो? शरीराचा हिशेब मात्र चोख असतो. मिळविलेले बळ काही आठवड्यांतच ओसरू लागते. दागिना पेटीत ठेवला तरी दागिनाच राहतो. व्यायाम पेटीत ठेवता येत नाही. देणाऱ्याला रोज द्यावा लागतो, घेणाऱ्याला रोज घ्यावा लागतो.

आज शहरांतून दिवाळीची भेट म्हणून व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरून देतात. मी त्याची थट्टा करणार नाही. मिठाईच्या डब्यापेक्षा तो विचार शहाणपणाचा आहे. मुलांनी रोज निदान तासभर अंगमेहनत करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमच्या वर्गातली मुले त्या वेळात मोबाईलवर मान मोडून बसलेली मी रोज पाहतो. पण वर्गणीची पावती उशाशी ठेवून कुणी पहाटे उठत नाही. उठवायला माणूस लागतो. मामांनी पैसे दिले असते तर आम्ही त्याचे फटाकेच आणले असते. त्यांनी स्वतःची सुट्टी दिली, म्हणून आम्हांला उठावे लागले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली; ती सांगायला जीव धजत नव्हता. त्या पंधराही पहाटे माझी धाकटी बहीण देवळाजवळच्या ओट्यावर उभी राहून आम्हांला पाहत असे. तिला कुणी खाली बोलावले नाही. मामांनी नाही, मी तर नाहीच. तिचा हातही त्या खांबाला लागला असता, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही. वैद्यबंधूंनी आखाड्याची कुंपणे काढली आणि आम्ही देवळापुढे एक नवे घातले.

गेल्या भाऊबीजेला बहीण मुलीला घेऊन आली. ओवाळून झाले, मी ताटात पाकीट ठेवू लागलो. ती म्हणाली, "दादा, पाकीट राहू दे. पोट्टीले तुझी सुट्टी दे." इतक्या वर्षांनी तिने मामांचेच शब्द माझ्यापुढे ठेवले होते.

गावातली मीटरगेज 2017 साली बंद पडली आणि मामाही आता नाहीत. देवळापुढचा खांब मात्र त्या शेतमजुराच्या मुलाने जतन केला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीला घेऊन मी तेथे गेलो. पंचेचाळिशीतल्या माझ्या गुडघ्यांनी दहाव्या बैठकीलाच हात जोडले. भाची हसली. तिचे पाहून मी अकरावी मारली. मागे वळून पाहिले तो ओट्यावर बहीण उभी होती, पहिल्यासारखीच.

या वेळी मी तिला हाक मारली.