कुक्कीवॉन प्रमाणन

कुक्कीवॉन ही तायक्वांदोतील काळ्या पट्ट्याच्या श्रेण्या, म्हणजे ‘दान’, प्रमाणित करणारी दक्षिण कोरियातील संस्था. सोलच्या गंगनम भागातील तिची वास्तू १९७२ मध्ये उभी राहिली. त्याआधी ‘क्वान’ म्हणून ओळखली जाणारी घराणी आपापल्या पद्धतीने श्रेण्या देत. सर्वांना एकच माप लागू झाले, हे या व्यवस्थेचे खरे यश.

पूमसे आणि लढत हे परीक्षेचे मुख्य भाग. पूमसेत ठरलेल्या क्रमाने बचाव, ठोसे व लाथा करून दाखवायच्या असतात. पावलांतील अंतर, तोल आणि नजरेची दिशाही पाहिली जाते. १५ वर्षांखालील मुलांना दानऐवजी ‘पूम’ मिळतो. त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान १, तिसऱ्यासाठी आणखी २ आणि चौथ्यासाठी ३ वर्षांचा सराव लागतो. तृतीय स्तराच्या प्रशिक्षकपत्रासाठी चौथे दान आवश्यक असून वेगळा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

दानाचे प्रमाणपत्र व्यक्तीचे असते, शाळेचे नव्हे. वर्गातील गाद्या, प्रथमोपचाराची सोय आणि मुलांशी होणारी वागणूक त्यावरून कळत नाही. हे सारे पालकांनी प्रत्यक्ष जाऊनच पाहावे.