३६ अंशांवरचा बग

बग पकडायचा तर आधी तो हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. १९७० च्या आसपास अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये लेलँड हार्टवेल यांच्यासमोर हाच पेच होता. फक्त त्यांचा कोड होता पाव फुगवणाऱ्या यीस्टचा. एका पेशीच्या दोन कधी व्हायच्या, हे कोण ठरवतं? विभाजनाचं जनुक मोडलं तर पेशी वाढणारच नाही. मग तपासणार काय?

तोडगा निघाला तापमानातून. रसायन वापरून यीस्टच्या जनुकांत बदल घडवायचे आणि वसाहती २३ अंश सेल्सिअसला वाढवायच्या. मग निर्जंतुक मखमलीवर त्यांचा ठसा घेऊन दोन नव्या बश्यांवर उमटवायचा. एक बशी २३ अंशांवर, दुसरी ३६ वर. पहिलीत वाढलेली पण दुसरीत न वाढलेली वसाहत आपली. तिचं एखादं प्रथिन गारव्यात काम करतं, उष्णतेत बिघडतं. बिघाडाला चक्क स्विच मिळाला!

पण यातले बहुतेक बिघाड विभाजनाशी संबंध नसलेले. इथे यीस्टचा आकार कामी आला. नवी पेशी जुनीवर कळीसारखी फुटते, म्हणजे कळी केवढी झाली हेच घड्याळ. ब्रायन रीड या पदवीच्या विद्यार्थ्याने तापमान वाढवताना पेशींचा एक फोटो काढला आणि काही तासांनी त्याच पेशींचा दुसरा. इतर बिघाडांत पेशी जिथल्या तिथे थांबायच्या. विभाजनाच्या बिघाडात मात्र सगळ्या एकाच टप्प्यावर येऊन अडकायच्या. महागडं यंत्र नाही, दोन फोटो! १९७३ पर्यंत असे १४८ प्रकार हाती आले होते, ३२ जनुकांमधले.

तरी प्रश्न उरतोच. गाडी पंक्चरने थांबते, पेट्रोल संपलं तरी थांबते. म्हणून टायर म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर नव्हे. नुसतं थांबणं हा नियंत्रणाचा फार कच्चा पुरावा आहे.

एडिंबरामध्ये मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत पॉल नर्स यांनी उलटा बिघाड शोधला. त्यांचं यीस्ट वेगळं, कांडीसारखं. ते लांबीत वाढतं आणि मधोमध दुभंगतं. नर्स यांना हव्या होत्या वेळेआधीच, आखूड असतानाच दुभंगणाऱ्या पेशी. त्यांना नाव दिलं 'वी', स्कॉटलंडच्या बोलीत चिमुकलं. असे सुमारे ५० प्रकार मिळाले आणि एक सोडून सगळे एकाच जनुकातले. ते जनुक मोडलं की घाई होते, म्हणजे तो ब्रेक.

उरलेल्या एकाची बशी बुरशी लागलेली होती. नर्स यांनी ती कचऱ्यात टाकली, घरी गेले आणि चुटपुट लागली म्हणून परत येऊन बाहेर काढली. त्यातला बिघाड सीडीसी२ या जनुकात निघाला. हे मोडलं की विभाजन थांबतं, हे आधीच माहीत होतं. आता त्यातल्याच वेगळ्या बदलाने घाई होत होती. थांबवणं आणि पळवणं, दोन्ही एकाच ठिकाणाहून. अ‍ॅक्सिलरेटर सापडला होता.

माणसात असं काही आहे का, हे पाहायला लंडनमध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये मानवी जनुकं सोडली. बहुतेक पेशी उष्णतेत अडकून राहिल्या. काही मात्र वाढू लागल्या. त्यांच्यात माणसाचं जनुक यीस्टचं काम करत होतं. हा शोध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगात जी विभाजनं आवरत नाहीत, त्यांची यंत्रणा आता पावाच्या यीस्टमध्येही तपासता येणार होती.